न स्वीकारलेलं ताट

कटुगस्तोट, कँडी
१५ मे १९७९

प्रिय चुटी,

वेसाक पौर्णिमेचे दिवस सरले तरी अंगणातला कंदील उतरवायचं माझ्या जिवावर आलं आहे. या वर्षी कामट्या मीच तासल्या. निळा पतंगी कागद लावताना आपलं कॉन्व्हेंट आठवलं. शिवणाच्या तासाला आपण डेस्कखाली वेसाकचे कागद कापत होतो आणि सिस्टर आग्नेसने पकडलं. छडी मारली, सगळे कागद जप्त केले आणि डिसेंबरात त्यातलाच निळा त्यांच्या नाताळच्या तार्‍याला लागला. तू सहा महिने त्यांच्याशी बोलली नव्हतीस. लहानपणापासून तुझा राग मुरलेल्या लोणच्यासारखा, टिकाऊ.

तुझी इनोका सासूबरोबर विहारात सिल पाळायला, पौर्णिमेचं व्रत धरून बसायला, आली होती. पांढरी साडी, वेणी घट्ट, अगदी आपली अम्मा. दिवसभरात तिने मान वर केली नाही. विहारातले थोरले भिक्खू, आपले हामुदुरुवो, प्रवचनात उपेक्खेबद्दल बोलले. सुख आलं तरी मन हलू नये, दुःख आलं तरी हलू नये, असं ते सांगत होते आणि मी इनोकाकडे बघत होते. या वयात इतकी शांत मुलगी मी पाहिली नाही. जावईबापूंनी, म्हणजे धम्मिकने, रस्त्यावर येणार्‍याजाणार्‍यांसाठी भाताचा मांडव घातला होता. स्वतः उभा राहून वाढत होता, भिकार्‍यालाही अहोजाहो करत होता. विहाराच्या मंडळात त्याच्या शब्दाला मान आहे. गल्लीतल्या बायका मला म्हणतात, तुमच्या बहिणीच्या मुलीने पूर्वजन्मी मोठं पुण्य केलं असेल.

मागच्या आठवड्यात एका दुपारी इनोका माझ्याकडे आली होती. वडील गेल्यापासून धम्मिक जरा तापट झाला आहे, कडक बोलतो, म्हणाली. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. मी तिला अम्माची ताटाची गोष्ट सांगितली. एक माणूस भगवान बुद्धांना तोंडाला येईल ते बोलतो. ते ऐकून घेतात आणि विचारतात, बाबा, तुझ्या घरी पाहुणे येतात, तू त्यांना ताट वाढतोस. पाहुण्याने ते घेतलंच नाही तर ताट कोणाचं? तो म्हणतो, माझंच. भगवान म्हणतात, मग तुझ्या शिव्याही तुझ्याच. मी घेतल्या नाहीत. मी तिला म्हटलं, तूही मनाने घेऊ नकोस, की तुला काही लागणार नाही. तिने नीट ऐकलं, चहा प्यायली आणि गेली.

तिचा उजवा हात जरा सुजला आहे. न्हाणीत पाय घसरून पडली म्हणे. काळजी करू नकोस, मी औषधी तेल दिलं आहे.

गुणपालची तब्येत कशी आहे? आता त्याला कोणी धरून बसवलं तर बसतो का?

तुझी,
अक्का


बंडारवेला
२१ मे

अक्का,

तुझं पत्र मिळालं. कंदिलाचं वाचून झालं, आता हाताचं लिही.

पडली म्हणजे कशी पडली? पालथी की उताणी? सूज मनगटाला आहे की दंडाला? न्हाणीत घसरलेल्या माणसाचा गुडघा फुटतो, कंबर धरते. ही पोरगी आमच्या चहाच्या उतारावर शेरडासारखी वाढली. पावसात फॅक्टरीच्या कौलांवर चढायची. ती सपाट न्हाणीत पडते आणि नेमका हातच सुजतो?

आणि ती शांत आहे म्हणून तुला कौतुक वाटलं. माझी मुलगी शांत नाहीच, अक्का. ती शाळेत वटवट करते म्हणून मला दर महिन्याला बोलावणं यायचं. ती गप्प झालेली मी एकदाच पाहिली आहे. तिच्या बापाला, गुणपालला, झटका आला आणि त्याचं तोंड वाकडं झालं, तेव्हा ती दाराशी उभी होती, मान खाली घालून. ते भय होतं. तू जिला उपेक्खा म्हणतेस, तिला मी साध्या भाषेत उपेक्षा म्हणते, आणि ती तिची नाही, तुझी आहे.

आपल्याला कॉन्व्हेंटमध्ये दुसरा गाल पुढे करायला शिकवलं, घरी येऊन अम्माने क्षमा शिकवली. मारणार्‍याचा हात धरायला मात्र दोन्हीकडे कोणी शिकवलं नाही.

मला येता येत नाही हे तुला ठाऊक आहे. गुणपालला कुशीवर वळवायलाही मीच लागते. म्हणून तर तुझ्याच गावात मुलगी दिली. तू माझे डोळे आहेस तिथे. तेव्हा बघ, आणि जे दिसेल तेच लिही.

चुटी


कटुगस्तोट
३० मे

प्रिय चुटी,

तुझं पत्र वाचून मन दुखावलं, पण मी ते दुखणं धरून ठेवलेलं नाही. राग म्हणजे दुसर्‍याला मारायला हातात घेतलेला निखारा, आधी आपलाच तळवा भाजतो. हे तुला लहानपणापासून सांगत आले आहे.

तू विचारलंस म्हणून लिहिते. हो, धम्मिकचा हात उठला. एकदा, आणि मग आणखी एकदा. मी त्याला घरी बोलावून घेतलं. माझ्यापुढे गुडघे टेकून बसला आणि रडला, चुटी. बाप गेला, दुकान एकट्यावर आलं, डोकं ठिकाणावर राहत नाही म्हणाला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रडणार्‍या माणसाला आणखी काय करायचं असतं? थोरल्या हामुदुरुवोंच्याही कानावर घातलं. ते म्हणाले, हे मागचं कर्म आहे, दोघांनी मिळून फेडायचं. क्षमेसारखं तप नाही आणि वैराने वैर कधी शमलेलं नाही.

जूनच्या मध्यावर त्याच्या वडिलांचं तीन महिन्यांचं दान आहे. भिक्खू जेवायला येतील, सगळी गल्ली येईल. सुनेशिवाय ते व्हायचं नाही. ते एकदा पार पडलं की मृताच्या आत्म्याला पुण्य पोचेल आणि घरही निवेल असं मला वाटतं. तोवर तू काही बोलू नकोस. इनोकालाही असलं काही लिहू नकोस, तिचं पत्र सासू आधी वाचते.

काल पाऊस पडून गेल्यावर विहाराच्या आवारात चाफ्याचा सडा पडला होता. वाटलं, तू असतीस तर दोघींनी फुलं वेचली असती.

तुझी,
अक्का


बंडारवेला
६ जून

अक्का,

चाफा राहू दे.

मारणारा तुझ्यापुढे रडला आणि तू त्याच्या डोक्यावर हात ठेवलास. जिला मारलं तिच्या डोक्यावर कोणी ठेवला? निखार्‍याचं मला सांगू नकोस. निखारा माझ्या हातात नाही, माझ्या मुलीच्या अंगावर आहे, आणि तो तिने उचललेला नाही.

कर्म म्हणालात, तू आणि तुझे हामुदुरुवो. मग दोघांचं कर्म फेडताना हात त्याचा आणि दंड तिचा, ही वाटणी कोणी केली? त्याने रस्त्यात थोरल्या हामुदुरुवोंच्या कानाखाली वाजवली असती तर त्यांनी मागचं कर्म म्हटलं असतं, की मंडळ बोलावलं असतं?

मीही त्याच अम्माच्या मांडीवर गोष्टी ऐकल्या आहेत. तो दरोडेखोर आठवतो का तुला, बोटांची माळ घालून फिरणारा? भगवान त्याच्या रानात गेले. तिथल्या बायामुलांना त्यांनी सांगितलं का, बाबांनो, सहन करा, बोटं पुढे करा, क्षमेसारखं तप नाही? ते त्यालाच म्हणाले, मी थांबलो आहे, तू थांब. खुन्याला म्हणाले. समोर उभं राहून म्हणाले. तुझ्या विहारातल्या एका तरी माणसाने धम्मिकला हे दोन शब्द सांगितले का? थांब, म्हणून? सांगितले असतील तर मी इथून तुझे पाय धरीन. नाही ना सांगितले? मग तुमची सगळी वचनं मार खाणार्‍यासाठीच राखून का ठेवली आहेत? मारणार्‍याच्या वाट्याचं एकही वचन कोणाला पाठ नसावं?

तू आजवर कोणाला उलटून बोलली नाहीस आणि त्यालाच तू धर्म समजतेस. मला वाटतं, तुला भांडणाची भीती वाटते. गल्लीतल्या बायकांची भीती वाटते. पौर्णिमेला त्यांच्या शेजारी चटई टाकून बसायचं असतं ना.

दानबिन मला माहीत नाही. तिला बंडारवेलाच्या गाडीत बसवून दे. पोस्टमास्तरांकडे तार कर, मी शेजारच्या बाईला गुणपालजवळ बसवून स्टेशनवर येते. बसवतेस की नाही, एवढंच कळव. त्यापुढे काही लिहू नकोस.

चुटी


कटुगस्तोट
१८ जून

चुटी,

इनोका तुझ्याकडे पोचली का? हे पत्र मिळाल्याबरोबर तार कर. कँडीला तिच्या मैत्रिणीकडे नाही, स्टेशनवर कोणी पाहिल्याचं सांगत नाही.

दान पार पडेपर्यंत थांबावं आणि मग तिला आठ दिवस तुझ्याकडे पाठवावं, असं माझ्या मनात होतं. म्हणून तुला उत्तर दिलं नाही. काल दान झालं. झालं म्हणजे काय झालं ते सांगते.

पहाटेपासून इनोका चुलीपाशी होती. लांब बाह्यांचा झंपर, चेहरा धुतलेला. भगवानांचं ताट तिनेच मांडलं. भिक्खूंची पंगत झाली, कोणाला काही कमी पडलं नाही, सासूही बायकांपुढे सुनेचं कौतुक करत होती. शेवटी मृताला पुण्य द्यायचं पाणी ओतायला सगळे बसले. धम्मिकने सुरई धरली, त्याच्या आईने वर हात ठेवला. तो इनोकाला ये म्हणाला. ती येऊन बसली, पण सुरईला हात लावेना. खालच्या बशीतला कप भरला, पाणी बशीत सांडायला लागलं, तरी तिचे हात मांडीतच. धम्मिक हसून लोकांना म्हणाला, पडल्यापासून हिचा हात उचलत नाही.

तेव्हा ती थोरल्या हामुदुरुवोंकडे वळली आणि हात जोडून, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, पाहुण्याने ताट घेतलं नाही तर ते कोणाचं? त्यांना वाटलं, धर्माचा प्रश्न आहे. ते खूश झाले. म्हणाले, चांगलं विचारलंस, बाळ, ते यजमानाचंच.

"मग हे ह्यांचं आहे," ती म्हणाली. "मी घेतलेलं नाही."

आणि तिने बाही वर केली. चुटी, मी तुला ते दिसेल तसं लिहायला हवं, तूच म्हणाली होतीस. दंडावर चार बोटं आणि अंगठा उमटला होता, काळानिळा. त्याच्यावरचे डाग पिवळे पडलेले होते, म्हणजे आधीचे. आणि कोपराच्या आत भाजल्याची खूण होती, ती पडून झालेली नव्हती.

 हामुदुरुवोंनी हातातला पंखा तोंडापुढे धरला. सासू एवढंच म्हणाली की घरातलं घरात बोलायचं असतं. धम्मिक माझ्याकडे वळला. लोकु अम्मा, तुम्ही तिची मोठी मावशी, तुमचं ऐकते ती, तुम्ही समजवा, म्हणाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दान पुरं होऊ दे, बाळ."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग भिक्खूंना वंदन केलं, सासूला केलं, चपला घातल्या. उंबर्‍यावर उभी राहून म्हणाली, "जाते."

आपल्यात कोणी असं म्हणतं का? जाऊन येते म्हणतात. पिठाच्या गिरणीत निघालेली बाईसुद्धा जाऊन येते म्हणते. नुसतं जातं ते फक्त प्रेत. अंगणातल्या बायकांनी तो शब्द ऐकला आणि वाट सोडली.

मी तिच्या मागे धावले नाही.  तार कर, चुटी.

अक्का


बंडारवेला
२२ जून

अक्का,

तार केली आहे. ती इथे आहे. पेरादेनियापर्यंत चालत गेली आणि तिथून गाडी धरली, म्हणून तुझ्या स्टेशनवर कोणाला दिसली नाही. आली ती बापाच्या खाटेशी बसली. गुणपालला नीट बोलता येत नाही, पण त्याने डाव्या हाताने तिची बाही वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली केली. मग भिंतीकडे तोंड फिरवून पडून राहिला. दोन दिवस जेवला नाही.

आता मला जे कळलं ते तुला सांगते. तुला ते ठाऊकच आहे, पण माझ्याकडून ऐक.

वेसाकच्या आधी ती तुझ्याकडे आली होती, ती तक्रार सांगायला नव्हती आली. तिच्या हातात बॅग होती. लग्नात मी दिलेली तपकिरी. कपडे भरून आणली होती तिने. मी इथे राहू का, लोकु अम्मा, असं तिने विचारलं. आणि तू तिला ताटाची गोष्ट सांगितलीस, चहा पाजलास, दंडाला तेल लावलंस आणि बॅग स्वतः उचलून तिला कोपर्‍यापर्यंत पोचवून आलीस. अंधार पडायच्या आत घरी जा, म्हणालीस. त्याने बॅग पाहिली. कोपराच्या आतलं भाजणं त्या दिवसाचं आहे.

तू मला काय लिहिलंस? चहा प्यायली आणि गेली. बॅग लिहायची राहिली.

मी तुझ्यावर चिडले आहे हा शब्द फार लहान आहे. आपण दोघी एका पांघरुणात झोपलो. अम्मा गेल्यावर माझी वेणी तू घातलीस. त्या सगळ्याची मला आठवण आहे आणि तरीही मला तुझं तोंड बघायचं नाही. खोटं बोलणार नाही असं तू दर पौर्णिमेला शपथेवर म्हणतेस. खोटं तू बोललीही नाहीस म्हणा. नुसतं गाळलंस.

ऐकते की धम्मिक तिला न्यायला माणसं जमवतो आहे. पोलिसांत सांगतो आहे की बायको डोक्याने फिरली, दागिने घेऊन पळाली. इथल्या वकिलांचं म्हणणं, कोर्टात त्याच्या बाजूने अख्खी गल्ली बोलेल आणि हिच्या बाजूने एकही जण नाही. विहारातल्यांना घेऊन तो येणार. तू त्यांच्यात असलीस तर दार उघडणार नाही. पंगतीला बसलेल्या भिक्खूंसाठीही नाही.

पत्राचं उत्तर नको.

चुटी


कटुगस्तोट
३ जुलै

चुटी,

उत्तर नको म्हणालीस तरी लिहिते. बॅगेबद्दल काही म्हणणार नाही. म्हणण्यासारखं काही नाही.

परवा सकाळी धम्मिक आला होता. मागे त्याची आई आणि मंडळातले दोघे. त्याच्या हातात विड्याच्या पानांची जुडी होती, चांगली चाळीस पानांची, देठं आपल्याकडे करून धरलेली, क्षमा मागताना धरतात तशी. लोकु अम्मा, पानं घ्या, म्हणाला, आणि आमच्याबरोबर बंडारवेलाला चला. तुम्ही पुढे असलात की तुमची बहीण दार उघडेल. पोरीचं डोकं थार्‍यावर आणायला तुमची एक गोष्ट पुरे आहे.

ती पानं घेतली की शब्द दिल्यासारखंच. मी हात पुढे केले नाहीत. तो वाकूनच राहिला. त्याची आई म्हणाली, अहो, पानं परत करतात का कोणी, वैर्‍याचीही घेतात.

मग मला काय झालं कळत नाही. मी बोलायला लागले आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी त्याला विचारलं, कोपराच्या आत कशाने भाजलंस? इस्त्रीने की पळीने? तो म्हणाला, हळू बोला, लोक ऐकतात. मी म्हटलं, ऐकू देत. मग मी फाटकापाशी गेले आणि लोकांनाच विचारलं. समोरच्या घरातल्या बाईला, सायकलवरच्या मासेवाल्याला. म्हटलं, हा माणूस तुम्हाला रस्त्यावर भात वाढतो आणि घरी बायकोला भाजतो. ती माझ्याकडे बॅग घेऊन आली होती, मी तिला याच्याकडे परत धाडलं, तेही ऐकून ठेवा. धम्मिकचा चेहरा उतरला. मंडळातला एक म्हणाला, बाई, हा राग तुम्हाला शोभत नाही, तुम्ही सिल पाळणार्‍या.

"सिल पौर्णिमेला पाळीन," मी म्हटलं. "आज मला राग आलाय. थांब म्हणते मी याला. तुम्ही कोणी म्हणाला नाहीत, म्हणून मी म्हणते. थांब."

पानांची जुडी पायरीवर ठेवून ते गेले. गाईने खाल्ली.

काल विहारात गेले. बायकांनी चटया उचलून पलीकडे नेल्या. मी एकटीच बसले. थोरल्या हामुदुरुवोंना मी विचारलं, तुम्ही पंखा का धरलात? ते म्हणाले, पंगतीत वाद नको होता. मी म्हटलं, वाद नव्हता, दंड होता. त्यांनी पुन्हा पंखा उचलला नाही.

तुझ्या वकिलांना सांग, एक जण आहे. मी जे पाहिलं ते कोर्टात शपथेवर सांगीन, बॅगेपासून. तारीख कळव. तुझ्या घरी उतरणार नाही, स्टेशनजवळ धर्मशाळा आहे.

अक्का


बंडारवेला
१० जुलै

अक्का,

तारीख सव्वीस जुलै आहे. वकिलांना आधी एकदा तुझ्याशी बोलायचं आहे, तेव्हा चोवीसला ये. धर्मशाळेत ढेकूण आहेत. घरीच ये.

माझा राग गेलेला नाही. तू येशील तेव्हाही असेल आणि तू परत जाशील तेव्हाही असेल असं दिसतंय. मी तुझ्याशी दोन दिवस धड बोलणार नाही. तुला जेवायला वाढीन. येताना एकही वचन आणू नकोस, चंदनाच्या उदबत्त्या आण, गुणपालला तो वास आवडतो.

इनोकाला तुझं पत्र वाचून दाखवलं. मासेवाल्याचं आलं तेव्हा ती थोडी हसली, मला दिसलं.  मग म्हणाली, "येऊ दे. पण मी त्यांच्या पाया पडणार नाही."

मी म्हटलं, नको पडूस.

तेव्हा दारात येऊन उभी राहू नकोस, ती वाकेल म्हणून वाट बघत. मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात ये. नारळ खवून हवा आहे, माझे हात गुणपालमध्ये गुंतलेले असतात आणि तिचा उजवा अजून पुरता चालत नाही.

चुटी